जुनी लष्करी पिस्तुलं आणि गोव्याची हवा: कागदापासून तेलापर्यंत

मामांचं पिस्तूल त्यांच्यासमोर पहिल्यांदा नीट उघडलं तेव्हा ते वरून आरशासारखं होतं. बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९२२ मॉडेल, .३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप), स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, नखाएवढा गरुडाचा शिक्का. खाण कंपनीचा पगार घेऊन डिचोलीच्या रस्त्यानं जायचं काम होतं म्हणून मामांनी ते परवान्यावर घेतलं होतं. नंतरची पस्तीस वर्षं ते कपाटातच होतं. दर दसऱ्याला बाहेर यायचं, फडक्यानं पुसलं जायचं, त्यावर झेंडूचं फूल ठेवलं जायचं आणि परत आत. नळीच्या तोंडाशी या मॉडेलला एक लांबट टोपी असते. ती फिरवून काढली तशी वर्तमानपत्रावर तांबडी भुकटी सांडली. टोपीच्या आत, जिथे फडकं कधीच पोचलं नव्हतं, तिथे लोखंडाला गोल कडं पडलं होतं. ते आजही आहे. गंज थांबवता आला, खड्डे भरून आले नाहीत.

त्या दिवसापासून या विषयाचा नाद लागला. गोव्यात जुनी लष्करी पिस्तुलं जमवायची किंवा वारशानं आलेलं एखादं टिकवायचं, तर वस्तू दोन कारणांनी हातची जाते. एक, कागद अपुरे म्हणून. दुसरं, खारी हवा म्हणून. बाकी सगळं शिकता येतं, चुका सुधारता येतात. या दोन चुका सुधारत नाहीत. म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे.

आधी ठरवा: वस्तू कुठल्या दारानं घरात येणार

परदेशी संग्राहकांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडच्या मुलांना वाटतं, सैन्याचा जुना माल लिलावात निघतो आणि कोणीही घेतो. अमेरिकेत वगैरे तसं काही प्रमाणात होतं. आपल्याकडे सैन्य आपली जुनी पिस्तुलं सामान्य माणसाला विकत नाही. ‘आर्मी ऑक्शनचा माल आहे, आगाऊ पैसे पाठवा’ असा फोन किंवा मेसेज आला तर समोरचा एक तर ठग आहे, नाही तर चोरीचा माल विकतोय. दोन्हीत तुमचंच नुकसान. परदेशातून मागवण्याची वाटही बंद आहे. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला शस्त्र आयात करता येत नाही, ती सवलत नामांकित नेमबाजांपुरती आहे. त्यामुळे देशात जे काही जुनं विदेशी पिस्तूल फिरतंय ते बहुतेक त्याआधी आलेलं आहे. संख्या वाढत नाही, म्हणून किंमत उतरत नाही.

कायदेशीर दारं तशी तीन आहेत.

पहिलं, नेहमीचा परवाना. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम. वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे उत्तर गोव्याला पणजीत, दक्षिणेला मडगावात. फॉर्म ए-१, पोलिसांचा अहवाल, हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. परवान्याला राष्ट्रीय नोंदीचा यूआयएन क्रमांक लागतो, तो नसलेला जुना परवाना आज चालत नाही. मुदत पाच वर्षं. आणि संग्राहकानं नीट लक्षात ठेवायची गोष्ट: २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. पूर्वी तीन होती. वारशानं आलेलंही या दोनातच धरतात. त्यामुळे चालत्या शस्त्रांचा ‘संग्रह’ आपल्याकडे दोनाचा. मला यात वाईट काही वाटत नाही. दोनच ठेवायची म्हटल्यावर माणूस निवडून, अभ्यास करून घेतो.

दुसरं दार क्युरिओचं, म्हणजे जुन्या, दुर्मिळ वस्तूचं. फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीनं क्युरिओ वर्गातली शस्त्रं बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही असं ठरलं. पण ती वापरायची, घेऊन फिरायची किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची तर परवाना लागतो, आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्याच्यासाठी काडतूस मिळत नाही. एखादी वस्तू क्युरिओ आहे की नाही हे विकणाऱ्यानं ठरवायचं नसतं, तुम्हीही नाही. परवाना अधिकाऱ्याला मॉडेल, क्रमांक आणि फोटोसह पत्र द्या आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘चालतं हो’ या शब्दाला कोर्टात किंमत नाही.

तिसरं दार कायद्याच्या कलम ४५ मधलं. जुन्या धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. इथे ‘दुरुस्ती करूनही’ हे दोन शब्द सगळ्यात जड आहेत. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, काढून ठेवली म्हणून पिस्तूल शोभेचं होत नाही, कारण पिन परत बसवता येते. निकामी करण्याचं कामही घरी करायचं नाही. ते परवानाधारक कारागिराचं काम आहे आणि त्याचा दाखला हवा.

आणि एक. कायद्यानं ‘शस्त्र’ म्हणताना सुटे भागही धरले आहेत. भंगारवाल्याकडे मिळालेली नळी, स्लाइड किंवा फ्रेम (पिस्तुलाचा सांगाडा) ‘फक्त लोखंड’ समजून घरी आणू नका.

बोअर: इथे चूक झाली तर बाकी सगळं व्यर्थ

आपल्याकडे ९ मिमी आणि .४५५ ही बोअर निषिद्ध आहेत. म्हणजे लष्करी पिस्तूल म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी मोठी नावं, ९ मिमीचं ल्यूगर, वॉल्थर पी-३८, ब्राउनिंग हाय-पॉवर, वेब्लीचा थोरला रिव्हॉल्वर, सामान्य संग्राहकासाठी बाद. निषिद्ध शस्त्र विनापरवाना सापडलं तर शिक्षा किमान सात वर्षं, चौदापर्यंत. कितीही सुंदर असलं, कितीही स्वस्त मिळत असलं तरी हात लावू नका.

मग उरतं काय? .३२. हे ऐकून कोणी नाक मुरडू नये, कारण युरोपातल्या सैन्यांनी आणि पोलिसांनी या बोअरची पिस्तुलं भरपूर वापरली. आपण .३२ म्हणतो त्याला तिकडे ७.६५ ब्राउनिंग म्हणतात. मामांचं एफएन १९२२ त्यातलंच. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतलं, कारखाना ताब्यात घेतला आणि हेच पिस्तूल आपल्या सैन्यासाठी ‘६२६ (बी)’ या नावानं बनवून घेतलं. गरुडाचा शिक्का तिथला. चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड २७ हेही तसंच, ताब्याच्या काळातल्या नगांवर ‘एफएनएच’ हा संकेत असतो. इटलीचं बेरेटा १९३५, जर्मनीची वॉल्थर पीपी आणि पीपीके, माउझर एचएससी, सावर ३८-एच. अमेरिकेनं आपल्या जनरलांना दिलेलं कोल्ट १९०३, ज्याच्या फ्रेमवर सरकारी मालमत्तेचा ठसा असतो. इंग्लंडचं वेब्ली अँड स्कॉट १९०८, जे लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये घेतलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी स्पेनमधून मागवलेली ‘रुबी’ पिस्तुलं. रुबी बनवणारे कारखाने डझनांनी होते आणि एकाचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, दुसऱ्याला धड बसेल याची खात्री नाही. म्हणून फ्रेमवर आणि मॅगझिनच्या तळाला कारखान्याची अक्षरं मारलेली असतात. रुबी बघायला घेतलीत तर आधी ही दोन अक्षरं जुळतात का ते पाहा. सुरक्षेचा खटकाही घासून गुळगुळीत झालेला असतो, त्यावर विसंबू नका.

आता तीन घोटाळे, जे जाणकारांच्याही हातून होतात.

एफएन १९२२ आणि बेरेटा यांची ९ मिमी शॉर्टमधली भावंडं दिसायला जवळजवळ सारखी असतात. नळीवरचा अंक भिंगानं वाचा.

‘७.६५’ लिहिलेलं प्रत्येक पिस्तूल .३२ नसतं. ल्यूगरसाठी ७.६५ पॅराबेलम नावाचं वेगळं काडतूस आहे. ते लांब आहे आणि कितीतरी जास्त जोराचं. विकणारा दोघांना एकच म्हणत असेल तर त्याला एक तर माहीत नाही किंवा तो सांगत नाही.

तिसरा, .३२ रिव्हॉल्वर आणि .३२ पिस्तूल यांची काडतुसं वेगळी. परवान्यावर आणि दुकानात नुसतं ‘.३२’ म्हणून काम होत नाही, पिस्तूल की रिव्हॉल्वर ते लिहून घ्या.

पोर्तुगीज वस्तूंचा मोह

गोव्यात या विषयावर बोलायला बसलं की कोणीतरी म्हणतंच, ‘आमच्या आजोबांच्या वेळचं पोर्तुगीजांचं पिस्तूल होतं.’ १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज फौज होती, त्यामुळे अशा गोष्टी घराघरांत सांगितल्या जाणं साहजिक आहे. गोष्ट ऐकावी, पण विकत घ्यायचा तो शिक्का, गोष्ट नव्हे.

पोर्तुगालनं काय वापरलं ते नोंदलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अबादी नावाचा रिव्हॉल्वर, अधिकाऱ्यांसाठी १८७८ चा आणि शिपायांसाठी १८८६ चा. मग १९०९ मध्ये लष्करासाठी ७.६५ पॅराबेलममधलं ल्यूगर, ज्याच्या चेंबरवर, म्हणजे काडतूस बसतं त्या खणावर, राजा दुसरा मॅन्युएल याचं मुकुटधारी आद्याक्षर आहे. पुढच्याच वर्षी आरमारासाठी ९ मिमीचं आलं, त्यावर मुकुट आणि नांगर. पण १९१० च्या ऑक्टोबरात राजाच गेला. त्यानंतरच्या आरमारी नगांवर मुकुटाच्या जागी प्रजासत्ताकाची ‘आर. पी.’ ही अक्षरं आली. एक राजवट पडली ती पिस्तुलाच्या पाठीवर बोटाएवढ्या जागेत वाचता येते. मला या छंदात धरून ठेवणारी गोष्ट हीच. पहिल्या महायुद्धात पोर्तुगालनं अमेरिकेकडून सॅव्हेज १९०७ घेतलं आणि त्याला आपल्या पद्धतीनं ‘एम/९१५’ म्हटलं. हे मात्र .३२ आहे. या पिस्तुलात एकही स्क्रू नाही, मुठीच्या पट्ट्यासुद्धा नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. शंभर वर्षांत त्यांचं कडक रबर काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं. कुतूहलापोटी त्या काढायला गेलात तर तुकडे हातात येतील. त्या असतात तशाच राहू द्याव्यात.

शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही. मूठ हस्तिदंती असेल तर वन्यजीव कायद्याचा तिसराच पेच. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी हस्तिदंत विकता येत नाही, सौदा तिथेच सोडा.

जुनं घर पाडताना, माळ्यावर किंवा विहिरीतला गाळ काढताना काही सापडलं, तर ते उचलू नका, साफ करू नका, गाडीत घालून ठाण्यावर नेऊ नका. पोलिसांना फोन करा आणि ते येईपर्यंत मुलांना लांब ठेवा. आत काडतूस असू शकतं. जुनं काडतूस फुसकं झालेलं असतं हा समज अत्यंत घातक आहे.

कोणाकडून घ्यायचं

परवानाधारक विक्रेता किंवा परवानाधारक मालक, या दोघांशिवाय कोणाकडूनही नाही. मालकाकडून घेताना त्यानं विकायचा इरादा जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. ते दिवस वाया जात नाहीत. या काळात मॉडेलचा अभ्यास होतो आणि उतावळेपणा ओसरतो. बहुतेक जण सत्तरी गाठल्यावर शस्त्र सोडू पाहतात, त्यांची मुलं शहरात किंवा परदेशात असतात. अशा घरी जाताना घाई दाखवू नये. चहा घ्यावा, वस्तूची हकिकत ऐकावी, मूळ खरेदीची पावती आणि जुने परवाने मागावेत. ती पावती माझ्या लेखी नव्या पॉलिशपेक्षा मोलाची आहे.

क्रमांक खरवडलेला, परत ठोकलेला किंवा नसलेला नग फुकट मिळाला तरी नको.

हातात घेतल्यावर काय पाहायचं

सगळ्यात आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळीचं टोक घालून पाहा. क्रम उलटा झाला तर चेंबर रिकामी केल्यावर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर चढतं. ‘रिकामंच आहे’ असं मालकानं शंभर वेळा सांगितलं तरी हे करायचं, आणि त्यानं केलेलं पाहिलं असलं तरी आपणही करायचं. काही पिस्तुलांत मॅगझिन काढलं की घोडा दाबला जात नाही अशी सोय असते. एफएन १९२२ मध्ये ती आहे. पण शंभर वर्षांच्या स्प्रिंगवर जीव टांगू नका. तोंड कायम निर्जीव दिशेला.

मग उजेडात बसा. दुपारची खिडकी सगळ्यात चांगली, ट्यूबलाइट खोटं बोलते. धातूचा निळसर-काळा रंग म्हणजे ब्लूइंग. ते मूळचं आहे की नंतर चढवलेलं, हे कडांवरून कळतं. मूळ कडा बोटाला टोचतात. पॉलिशच्या चाकावर चढलेल्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावतात, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, आणि पिनेच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो. चकचकीत रंगाखाली बारीक खड्डे दिसले तर तिथे गंज होता आणि तो रंगाखाली लपवला आहे, एवढं नक्की. अशा नगाची किंमत संग्राहकासाठी अर्धीसुद्धा राहत नाही. उलट मुठीजवळ आणि स्लाइडच्या कडांवर रंग उडून करडं लोखंड दिसणं हे वयाचं लक्षण आहे, दोष नाही.

क्रमांक फ्रेम, स्लाइड, नळी असे सगळीकडे जुळतात का पाहा. भिंग लागेलच. ब्रिटिश सैन्याचं निशाण म्हणजे बाणाचं टोक. अशी दोन टोकं एकमेकांसमोर टेकवून मारलेली असतील तर ती वस्तू सेवेतून काढून रीतसर विकली गेली आहे. लांबून ते चांदणीसारखं दिसतं आणि नवशिक्यांच्या नजरेतून सुटतं. जुन्या लष्करी मालाला ‘सरप्लस’ म्हणतात तो ठसा हाच.

नळीतून उजेडाकडे बघताना आधी पिस्तूल खोललेलं असलं पाहिजे. आत चर स्पष्ट हवेत. नळीत कुठे काळी गोल सावली दिसली तर तिथे फुगवटा आहे, म्हणजे कधीतरी आत गोळी अडकून दुसरी झाडली गेली. नको. स्लाइडवर, विशेषतः काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीच्या कोपऱ्यात, केसासारखी तड आहे का पाहा. थेंबभर पातळ तेल लावून पुसलं की तडेत राहिलेलं तेल रेघ दाखवतं.

पहिली सफाई

वस्तू घरी आली की त्याच आठवड्यात एकदा पूर्ण खोलून पाहा, पण फक्त मालकानं खोलण्याइतकीच. पिना ठोकून काढणं, यंत्रणा उघडणं कारागिराकडे. एफएनची टोपी काढताना तिच्यामागे पूर्ण दाबातली स्प्रिंग असते. तळहात पुढे धरून सावकाश सोडा. मी पहिल्या वेळी अंगठा ढिला सोडला आणि टोपी समोरच्या भिंतीवर आदळली. डोळ्यावर चष्मा हवा तो यासाठी.

जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जी टोपी (प्रायमर) असते, तीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं क्षार होतं, मिठाचाच भाऊ, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. हे क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून कधीकाळी झाडलेल्या नळीला नुसतं तेल लावणं म्हणजे मिठावर तेलाचं पांघरूण. सुटी केलेली नळी उकळत्या पाण्यानं आतून धुवा, गरम असतानाच कोरडी करा, मग तेल.

गंज तांबडा असेल तरच काढायचा. त्यावर पातळ खनिज तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी अगदी बारीक ब्रॉन्झ वूलनं हलकेच फिरवा, पुसा, परत तेल. चार दिवस लागले तर लागू द्या. सँडपेपर नको. आणि आपल्याकडे हात सवयीनं जातो ते चिंच, बिमलां, लिंबू आणि कोकमाकडे, कारण देवाची समई आणि तांब्याचा हांडा त्यानंच लखलखतो. पिस्तुलाला आंबट लावायचं नाही. ब्लूइंग हे स्वतःच लोखंडाचं ऑक्साइड आहे, आम्ल त्याला गंजाबरोबर खाऊन टाकतं. माझ्या ओळखीच्या एका घरात आजीनं मायेनं चिंच लावून पिस्तूल ‘स्वच्छ’ केलं. अर्ध्या तासात सत्तर वर्षांचा रंग गेला आणि खाली पांढरं लोखंड उरलं.

निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचं क्लीनर टाळा, मुलाम्याखालच्या तांब्याला ते धरतं.

गोव्याची हवा

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, मृगापासून चवथीपर्यंत हवेत ओल इतकी की चपला बुरसतात. किनाऱ्याजवळ त्यात मीठ. लोखंडाला साधारण ६० टक्के आर्द्रतेवर गंज वेगानं धरतो आणि आपल्या घरात जुलैत ती ८०–९० असते. आतल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्याला मीठ कमी पण ओल जास्त, किनाऱ्यावरच्या कळंगुटला दोन्ही. म्हणजे परदेशी पुस्तकांतलं ‘वर्षातून एकदा तेल’ आपल्याला लागू नाही.

घामाचा हात ही सुरुवात. बोटाचा ठसा पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत तांबडा उठतो, रेषांसकट. मी स्वतः पाहिला आहे. हाताळताना सुती किंवा नायट्राइल मोजे घाला, दाखवायला पाहुण्याच्या हातात दिलं तर परत ठेवण्याआधी पूर्ण पुसा.

तेल खनिजच. कोयत्याला, अडकित्त्याला आपण खोबरेल लावतो, ते पिस्तुलाला चालत नाही. खोबरेल खवट होतं, घट्ट चिकट थर धरतं आणि थंडीत थिजतं. आतली बारीक यंत्रणा त्यात अडकते. शिलाई मशीनचं साधं खनिज तेल आतल्या भागांना थेंबभर पुरतं. तेल ओघळत असेल तर जास्त झालं, ते मुठीच्या लाकडात मुरून लाकूड काळं आणि मऊ करतं. बाहेरून, लांब ठेवायचं असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. संग्रहालयात वापरतात ते हेच. पातळ थर, दहा मिनिटांनी मऊ कपड्यानं घासून काढायचा. मेण तेलासारखं खाली ओघळत नाही आणि बोटाचा घाम धातूपर्यंत पोचू देत नाही. मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मेण लावतो, चवथीला बघतो, दिवाळीत परत. मधल्या पावसात दर पंधरा दिवसांनी उघडून फक्त नजर टाकायची, आणि ती टोपीच्या आत, मॅगझिनच्या ओठांवर, मुठीच्या पट्ट्यांच्या कडेला. गंज सपाट जागेवर शेवटी येतो, आधी तो अशा कोपऱ्यांत बसतो.

चामडी होल्स्टर कितीही देखणं असो, त्यात पिस्तूल ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार ओल धरून धातूला लागतात. होल्स्टर वेगळं, पिस्तूल वेगळं. वर्तमानपत्र आम्लयुक्त असतं. प्लास्टिकची पिशवी ओल आत कोंडते. रंगीत फोमची पेटी दिसायला छान, पण फोम स्पंजच आहे आणि जुना झाला की चिकट होऊन रंगाला धरतो. गंजरोधक व्हीसीआय कागद मशिनरीच्या दुकानात मिळतो, त्यात गुंडाळा.

कुलपाचं पोलादी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आपल्या जुन्या चिऱ्यांच्या घरांत ती भिंत पावसात घामेजते. हातभर आत, आणि जमिनीपासून वर. आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. मापक ४५–५५ टक्क्यांत राहिला तर पोलादही खूश आणि लाकडी मूठही तडकत नाही. रंग बदलणारं जेल घ्या, निळ्याचं गुलाबी झालं की ते भरलं. ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवलं की परत निळं. फोटोग्राफर कॅमेऱ्यासाठी विजेचं कोरडं कपाट वापरतात, तो उपाय उत्तम, फक्त ते पोलादी तिजोरीच्या आत मावणारं घ्या. त्याचं स्वतःचं कुलूप खेळण्यातलं असतं. काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत.

स्प्रिंगा सैल ठेवा, म्हणजे मॅगझिन रिकामं. रिकाम्या चेंबरवर सतत घोडा ओढून ‘टक’ करण्याची सवय लागते, ती सोडा. जुनी फायरिंग पिन तशीच तुटते आणि मूळची परत मिळत नाही.

झाडायचं का? माझं मत, नाही. ऐंशी वर्षांचं पोलाद आणि बदलता न येणारे भाग. नेमबाजीची आवड असेल तर त्यासाठी नवं घ्यावं.

निवडणूक आली की

गोव्यात परवानाधारकाला हा अनुभव ठरलेला आहे. आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यावर जमा. शेतात रानडुकरं उतरतात म्हणून बंदूक ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना जिल्ह्याच्या छाननी समितीकडे सवलत मागता येते, संग्राहकाला तसं कारण नसतं. मामांचं पिस्तूल एकदा तिथून दोन महिन्यांनी आलं तेव्हा स्लाइडवर तांबड्या ठिपक्यांची नक्षी होती. चूक आमची होती, आम्ही ते दिवाळीच्या पुसण्यावरच नेऊन दिलं होतं.

आता मी असं करतो. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नेहमीच्या पातळ तेलाऐवजी जाड ग्रीसचा थर, नळीच्या आतही. व्हीसीआय कागदाची दोन वेष्टनं, वरून सुती पिशवी. पिशवीवर नाव आणि परवाना क्रमांक. निघण्याआधी तारखेसह चारही बाजूंचे फोटो. पावतीवर मेक, बोअर, क्रमांक, मॅगझिनांची संख्या आणि ‘गंज नाही’ हे लिहून घ्यायला विनंती करा. नम्रपणे सांगितलं की हवालदार लिहितात, त्यांनाही नंतरची कटकट नको असते. परत मिळालं की त्याच संध्याकाळी ग्रीस उतरवून तपासा. उद्यावर टाकू नका.

तुमच्यानंतर

मामा गेले तेव्हा मामीला सुचायचं कारणच नव्हतं. पिस्तूल कपाटात, परवाना मामांच्या नावाचा आणि घरात वापरायला कायदेशीर कोणी नाही. अशा वेळी शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. आम्हाला हे तेराव्यानंतर एका वकिलानं सांगितलं. मग वारसाचा अर्ज, बाकीच्या वारसांची ना-हरकत पत्रं, पोलीस अहवाल, आणि परवाना होऊन ते माझ्याकडे यायला वर्ष गेलं. २०१६ च्या नियमांतला नियम २५ वाचला असता तर हे सगळं मामांच्या हयातीतच झालं असतं. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो जिवंतपणी वारसाच्या नावे अर्ज करवून घेऊ शकतो.

म्हणून माझ्या कपाटात, पिस्तुलाशेजारी, साधी दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर ठाण्याचा पत्ता आणि बायकोसाठी तीन ओळी: हात लावू नकोस, कुलूप तसंच ठेव, ही वही आणि परवाना घेऊन ठाण्यावर जा. पुढे प्रत्येक शिक्क्याचं पेन्सिलनं काढलेलं चित्र, खरेदीच्या पावतीची प्रत, तेल-मेणाच्या तारखा. क्रमांकाचे फोटो मी फोनवर कोणाला पाठवत नाही, ते वहीतच चिकटवलेले आहेत. शेवटची नोंद गेल्या आठवड्यातली: ‘टोपी काढली. आतलं कडं जसंच्या तसं. नवा गंज नाही. मापक ५१.’